मुलं डोळ्यांची तक्रार करत नाहीत



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी हाडाचे शिक्षक. त्यांचा मार खाल्लेले आणि त्यांच्याच घरी जेवलेले बरेच जण समोर बसले आहेत. तेव्हा त्यांच्याविषयी मी वेगळं काही सांगायला नको. विषय मात्र मास्तरकीशी नातं असलेलाच घेतलाय: मुलाला नीट दिसत नाही, हे मोठ्यांनी ओळखायचं कसं?

मी मूळचा बेळगावचा. डॉक्टरकी केली ती सगळी बेंगळुरूत, त्यातही लहान मुलांच्या डोळ्यांची. या शहरात आपली माणसं दोन तऱ्हांची आहेत. एक नगरथपेठ-कब्बनपेठेकडची, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड बोलणारी शिंपी, भावसार, मराठा घराणी. शहाजीराजांकडे बेंगळुरूची जहागीर आली ती १६३८ च्या सुमारास, म्हणजे आपलं इथलं बिऱ्हाड तसं जुनंच. दुसरी तऱ्हा पुण्या-नाशकाहून आयटीसाठी आलेल्यांची, व्हाइटफील्ड नि सर्जापूर रोडला राहणाऱ्यांची. मुलाचा डोळा तिरळा वाटला की पहिले म्हणतात, "मोठं झालं की आपोआप सुटेल." दुसरे म्हणतात, "शाळेतून अजून काही आलेलं नाही." वाट दोन्ही घरं पाहतात. मुलांच्या डोळ्यांच्या बाबतीत नेमकं तेवढंच परवडत नाही.

साठीच्या माणसाला मोतीबिंदू झाला तर तो स्वतःहून येतो, कारण काल काय दिसत होतं ते त्याला ठाऊक असतं. चार वर्षांच्या मुलाला 'काल' नसतो. जन्मापासून धूसर दिसत असेल, तर जग असंच असतं अशी त्याची समजूत असते. म्हणून ते टीव्हीपुढे जाऊन उभं राहतं, पुस्तक नाकाला लावतं, मान वाकडी करून बघतं, उन्हात एक डोळा मिटतं. पण "मला दिसत नाही" असं म्हणत नाही. आपण म्हणतो, "मागे हो, डोळे खराब होतील." ते मागे होतं. प्रश्न मिटला असं आपल्याला वाटतं.

त्यातही फसवा प्रकार एकाच डोळ्याच्या अधूपणाचा. एका डोळ्याला काही नंबर नाही आणि दुसऱ्याला बराच आहे, असं पुष्कळ मुलांत असतं. असं मूल धावतं, चेंडू झेलतं, जिना उतरतं, चित्रं काढतं. चांगला डोळा सगळं काम उरकत असतो. मेंदूला दोन डोळ्यांकडून दोन चित्रं येतात, एक स्वच्छ आणि एक पुसट. तो पुसट चित्राकडे दुर्लक्ष करायला शिकतो आणि मग ते दुर्लक्षच कायमचं होतं. याला आपण आळशी डोळा म्हणतो. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या दोघांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिल्लांची एक पापणी काही आठवडे शिवून ठेवली. टाका काढल्यावर डोळा अगदी शाबूत होता, पण मेंदूतल्या पेशी त्या डोळ्याला प्रतिसादच देईनात. मोठ्या मांजरावर हाच प्रयोग केला तर तसं काही होत नव्हतं. १९८१ चं नोबेल त्यांना मिळालं. आमच्या कामाचं घड्याळ त्या पिल्लांनी लावून दिलेलं आहे. सहा-सात वर्षांच्या आत सापडलेला आळशी डोळा चष्म्यानं आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावून बहुधा सुधारतो. मध्यम प्रकारात रोज दोन तासांची पट्टीही पुरते, असं अमेरिकेतल्या चाचण्यांत दिसलं आहे. दहा-बारा वर्षांचं मूल आलं तरी आम्ही प्रयत्न करतो, पण हाती लागतं ते कमीच. आणि विसाव्या वर्षी, नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत "डावा डोळा अधू" असा शेरा आल्यावर जो तरुण येतो, त्याला आम्ही फार तर कारण सांगू शकतो.

हे घरी ओळखण्यासाठी लागतो फक्त एक तळहात. वर्षा-दीड वर्षाचं मूल मांडीवर घ्या. पुढे गडद रंगाची चादर अंथरून तिच्यावर चार चुरमुरे टाका. ते वेचत असताना मागून हळूच त्याचा एक डोळा झाका. थोड्या वेळानं दुसरा. दोन्ही डोळे सारखे असतील तर ते दोन्ही वेळा सारखंच कुरकुरेल किंवा दोन्ही वेळा चुरमुरे वेचत राहील. एक डोळा झाकला तर चालतं, पण दुसरा झाकल्याबरोबर ते हात झटकतं, रडतं, मान फिरवतं, असं पुन्हा पुन्हा झालं तर समजा की तुम्ही त्याचा कामाचा डोळा झाकला आहे. उघडा राहिलेला डोळा तपासायला हवा. आजीला हा खेळ एकदा दाखवला की ती तो आमच्यापेक्षा बरा करते, कारण मूल तिच्या मांडीवर घाबरत नाही.

आता काही खुणा अशा, ज्यांचं आपल्याकडे कौतुकच होतं. हलकासा तिरळेपणा काही घरांत भाग्याचा समजतात. जन्मल्यावर पहिले तीन-चार महिने बाळाचे डोळे अधूनमधून इकडेतिकडे होतात, त्यात वावगं काही नाही. पण चार महिन्यांनंतरही डोळा वाकडा जात असेल, तर ते आपोआप सुटण्याची वाट पाहू नये. तिरळेपणा हा कधी कधी आतल्या मोठ्या दुखण्याचा केवळ बाहेरचा भाग असतो. दुसरं कौतुक टपोऱ्या, पाणीदार डोळ्यांचं. बाळाचं बुबुळ फारच मोठं दिसतं, डोळ्यांतून सारखं पाणी येतं आणि उजेडात ते डोळे घट्ट मिटून घेतं, ही तिन्ही लक्षणं एकत्र आली तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. आतल्या दाबानं कोवळा डोळा फुगत जातो. बारशाला आलेल्या बायका "काय डोळे आहेत!" म्हणत असतात, आणि त्याच दिवसांत नजरेची शीर मरत असते.

तिसरी खूण पांढऱ्या बाहुलीची. फ्लॅश टाकून फोटो काढला की पुष्कळदा डोळ्यांच्या बाहुल्या लाल येतात. तो आतल्या पडद्याचा रंग असतो. एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी किंवा पिवळसर आली, आणि निरनिराळ्या फोटोंतही तसंच दिसलं, तर मोतीबिंदू असेल किंवा रेटिनोब्लास्टोमा असेल. रेटिनोब्लास्टोमा म्हणजे पडद्याचा कर्करोग. साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो. लवकर सापडला तर जीव वाचतोच, बहुतेक वेळा डोळाही वाचवता येतो. उशीर झाला तर तो नजरेच्या शिरेवाटे मेंदूकडे सरकतो. आजचे मोबाईल लाल बाहुली आपणहून काळी करून टाकतात, ही सोय मला मुळीच आवडत नाही. तान्ह्या मुलाचा फोटो काढताना ती बंद ठेवा. आणि असा फोटो सापडला तर तो व्हॉट्सॲपवर नातेवाइकांना पाठवत बसू नका, त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

हे सगळं घरच्यांना दिसण्यासारखं आहे. एक आजार मात्र असा आहे की आईनं कितीही बारकाईनं पाहिलं तरी दिसत नाही, आणि त्याच्यासाठी बेंगळुरूनं जे केलं ते देशभर पाहिलं जातं. म्हणून इथे जरा थांबतो.

डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या बाळ पोटात असताना मध्यापासून कडांकडे वाढत जातात आणि नऊ महिने भरत आले की काठापर्यंत पोचतात. बाळ सातव्या महिन्यात जन्मलं तर ही वाढ अर्ध्यावरच असते. त्यातून प्राणवायू कमी-जास्त झाला तर वाहिन्या भलत्याच दिशेनं, वेड्यावाकड्या फुटतात, त्यांच्या ओढीनं पडदा सुटतो आणि डोळा जातो. रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी, आरओपी, असं या आजाराचं नाव. बॉस्टनच्या थिओडोर टेरी यांनी १९४२ मध्ये हिचं वर्णन केलं. मेलबर्नच्या केट कॅम्बेल यांनी १९५१ मध्ये तिचा संबंध पेटीत सढळ हातानं सोडलेल्या प्राणवायूशी जोडला. तोवर अमेरिकेत हजारो मुलं आंधळी झाली होती. आपल्याकडे ही साथ उशिरा आली, कारण हजार-बाराशे ग्रॅमची बाळं पूर्वी जगतच नसत. जिल्ह्याच्या ठिकाणी नवजात बालकांचे अतिदक्षता विभाग झाले, बाळं वाचू लागली, आणि वाचलेल्या बाळाचे डोळे बघायला कुणी नव्हतं.

नियम सोपा आहे. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं प्रत्येक बाळ, जन्मापासून तीस दिवसांच्या आत, पडद्याच्या तपासणीला न्यायचं. अगदीच लहान, म्हणजे अठ्ठावीस आठवड्यांच्या आतलं किंवा बाराशे ग्रॅमच्या आतलं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. आता याच्या शेजारी आपली रीत ठेवून बघा. बाळ-बाळंतिणीनं सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही. इकडे कन्नड घरांत बाणंतीला तर त्याहून जास्त दिवस माहेरच्या खोलीत ठेवतात. तीस दिवस आणि सव्वा महिना, या दोन आकड्यांच्या मधल्या आठवडाभरात किती डोळे गेले असतील! आई-आजीला मी दोष देत नाही. कमी वजनाच्या बाळाला गर्दीपासून दूर ठेवणं यात शहाणपणच आहे. पण मग डॉक्टरांनी बाळाकडे जायला हवं.

नारायण नेत्रालयाच्या डॉ. आनंद विणेकर यांनी २००८ मध्ये नेमकं हेच सुरू केलं. त्या कामाचं नाव किड्रॉप. कर्नाटकात तान्ह्यांचा पडदा वाचू शकणारे तज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके आणि तेही बहुतेक बेंगळुरूत. त्यांना रोज गावोगाव पाठवणं अशक्य. मग त्यांनी तंत्रज्ञ तयार केले. डॉक्टर नसलेली ही मुलंमुली कॅमेरा गाडीत घालून ठरलेल्या दिवशी ठरलेल्या रुग्णालयात जातात. बाळाच्या डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. दुपट्यात बाळाला घट्ट गुंडाळतात, जिभेवर साखरपाण्याचे थेंब ठेवतात. पापण्या उघड्या ठेवायला एक नाजूक तारेचा चिमटा लावतात, बुबुळावर जेल घालतात आणि कॅमेऱ्याचं तोंड त्या जेलवर अलगद टेकवतात. कॅमेऱ्याच्या पडद्यावर नारिंगी गोल उमटतो, त्यात धाग्यासारख्या रक्तवाहिन्या. मधला भाग, मग चारी बाजू, मग दुसरा डोळा. सरावलेल्या हाताला काही मिनिटं लागतात. बाळ रडतं, आई दाराबाहेर त्याहून जास्त रडते. मग तंत्रज्ञ तिथल्या तिथे तीन रंगांपैकी एक रंग देतो: हिरवा म्हणजे घरी जा, नारिंगी म्हणजे पुन्हा ठरलेल्या दिवशी या, लाल म्हणजे उपचाराची घाई करा. चित्रं इंटरनेटवरून बेंगळुरूच्या तज्ज्ञाकडे जातात, तो ती मोबाईलवरही बघून आपलं मत कळवतो. लाल रंग आलेल्या बाळाला दोन-तीन दिवसांत लेसर द्यायला हवं. त्यासाठीही डॉक्टर जमेल तिथे बाळापाशी जातात.

तंत्रज्ञाला एवढा अधिकार द्यायचा का, यावर आमच्या बिरादरीत तेव्हा बरीच कुरकुर झाली. माझं मत तेव्हाही हेच होतं की जिथे डॉक्टर पोचतच नाही तिथे "डॉक्टरच हवा" असं म्हणणं म्हणजे कुणीच नको म्हणणं. पुढे सरकारही यात आलं. परदेशी कॅमेरा भलताच महाग, म्हणून इथल्याच फोरस हेल्थ या कंपनीनं 'थ्रीनेत्र निओ' नावाचा स्वस्त कॅमेरा बनवला. न्यायालयाचंही लक्ष या आजाराकडे गेलं आहे. १९९६ साली चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात अपुऱ्या दिवसांची जन्मलेली एक मुलगी पडद्याची तपासणी न झाल्यामुळे आंधळी झाली. जुलै २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिला सुमारे १ कोटी ८० लाख रुपये भरपाई देवविली. एकोणीस वर्षांनी.

तान्ह्यांकडून आता शाळेकडे येऊ. शाळकरी मुलांची मोठी अडचण साधीच असते, चष्म्याच्या नंबराची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरला झाला. त्यात पथकानं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा जाऊन मुलं तपासायची असतात, नजरही त्यात येते. कर्नाटकानं अलीकडे 'आशाकिरण' ही घरोघर जाणारी योजनाही काढली. कागदावर सगळं ठीक आहे. वर्गात काय होतं ते सांगतो. तक्ता भिंतीला लागतो, वीस फुटांवर खडूची रेघ ओढतात, मुलं रांगेनं उभी राहतात. पहिला मुलगा ओळ मोठ्यानं वाचतो, आणि पाचव्या मुलापर्यंत ती सगळ्यांची पाठ झालेली असते. मुलाला डोळा झाक म्हटलं की तो बोटांनी झाकतो आणि फटीतून बघतो. लबाडीनं नव्हे, बरोबर उत्तर देणं हाच त्याला शाळेनं शिकवलेला धर्म! म्हणून रांग दाराबाहेर ठेवा. अक्षरांऐवजी चारी दिशांना फिरवता येणारा 'ई' घ्या आणि त्याच्या टोकांची दिशा मुलानं हातानं दाखवावी. डोळा तळहाताच्या खोलगट भागानं झाकावा, दाबू नये. सहा मीटरवरून ज्याला ६/१२ ची ओळही दिसत नाही, म्हणजे इतरांना बारा मीटरवरून दिसणारं अक्षर जो सहावर येऊनही ओळखत नाही, त्याला डॉक्टरकडे पाठवायचं. शिक्षकानं निदान करायचं नाही, निवडून पाठवायचं.

बेंगळुरूत आणखी एक गुंता आहे. कन्नडमधले 'प', 'व' आणि 'ष' दुरून जवळजवळ एकसारखे दिसतात, फरक एखाद्या बारीक फाट्याचा. मराठी घरातलं मूल इथल्या शाळेत कन्नड फळ्यावरून उतरवून घेताना चुकतं. बाई म्हणतात, "घरात कन्नड नाही ना, म्हणून." आई म्हणते, "भाषाच अवघड आहे." शिकवणी लावतात. वर्षभरानं चष्मा लागतो आणि कन्नड सुधारतं. शेजारच्याच्या वहीतून लिहिणाऱ्या मुलावर कॉपीचा आळ येतो, तोही पुष्कळदा याच कारणानं. मुलाला रिक्षात बसवून पुढच्या बसचा नंबर वाचायला सांगा. तुम्हाला दिसतो आणि त्याला दिसत नाही, यापेक्षा पक्का पुरावा घरी मिळणार नाही.

उलट बाजूनंही फसायला होतं. शिंपीकाम चालणाऱ्या घरांत सुईत दोरा ओवायला नातवाला बोलावतात. तो एका झटक्यात ओवतो आणि आजोबा खूश होतात, "डोळे बघा कसे तेज!" मायनस नंबरच्या मुलाला जवळचं उत्तमच दिसतं. फळा दिसत नाही.

चष्म्यानं नंबर वाढतो, हा समज आपल्यात फार खोल गेला आहे. तो खोटा आहे. नंबर वाढतो तो वयाबरोबर डोळ्याची लांबी वाढल्यामुळे, चष्मा घाला अगर न घाला. मुलीच्या बाबतीत तर "लग्नात अडचण येईल" म्हणून चष्मा दप्तरातच राहतो. सहावीतल्या मुलीच्या लग्नाची चिंता तिच्या गणितावरून करावी, चष्म्यावरून नव्हे, एवढंच मी त्या आयांना म्हणतो.

मोबाईलविषयी मी फार बोलणार नाही, बाकी सगळे बोलतातच. जवळचं काम म्हणजे फक्त मोबाईल नव्हे, शिकवणीची वहीही त्यातच आली. पालकांना पहिला खुपतो, दुसरी खुपत नाही. त्यापेक्षा पक्कं ठरलेलं उत्तर आहे मोकळ्या हवेत जाण्याचं. चीनमधल्या ग्वांगझूत पहिलीच्या मुलांना शाळेतच रोज चाळीस मिनिटं जादा बाहेर ठेवलं. तीन वर्षांनी त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता, इतर शाळांत ३९.५ टक्के. नुसत्या उन्हानं आणि उजेडानं एवढा फरक! तैवाननं तर रोज १२० मिनिटं बाहेर, हे शाळांचं धोरणच केलं. आपल्याकडे मूल सकाळी शाळेच्या बसमध्ये आणि संध्याकाळी वाहतुकीत अडकलेलं असतं, आणि सोसायटीच्या मैदानावर गाड्या उभ्या असतात. त्यावर माझ्याकडे औषध नाही, सोसायटीच्या सभेत तेवढं बोलता येईल. नंबर वाढू नये म्हणून सौम्य थेंब आले आहेत. ते डॉक्टरांना विचारूनच घाला.

एक गोष्ट अवघड आहे, पण या सभागृहात बोलायलाच हवी. आपल्याकडे मामाची मुलगी करतात, कर्नाटकात सख्ख्या बहिणीची मुलगीही. जवळच्या नात्यातल्या लग्नांत पडद्याचे काही आनुवंशिक आजार उमटण्याची शक्यता वाढते. पुण्याच्या डॉ. परीक्षित गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या आणि मग कर्नाटकातल्या अंधशाळांमधली मुलं तपासली. अ जीवनसत्त्वाच्या अभावानं नि गोवरानं फुटलेली बुबुळं पूर्वी जितकी असत तितकी आता दिसत नाहीत. जन्मतःच डोळ्याची घडण अपुरी राहिलेली मुलं पुढे आली आहेत. अशा घरात दुसरं बाळ येणार असेल तर आधी जनुकीय सल्ला घ्या. मूल झाल्यावर घेतलेल्या सल्ल्याचा उपयोग त्या बाळाला होत नाही. आणि ज्या मुलाची नजर पूर्ण परत येणार नाही, त्यालाही अंध ठरवून मोकळे होऊ नका. उरलेली थोडी नजर, जाड भिंग, मोठं अक्षर, पहिला बाक यांवर पुष्कळ मुलं शिकतात.

शेवटी ही व्याख्यानमाला चालवणाऱ्या मंडळाकडे एक मागणं. जूनमध्ये इथल्या शाळा सुरू झाल्या की एका रविवारी हेच सभागृह रिकामं करून द्या. वीस फुटांची रेघ ओढा, फिरवता येणारा 'ई' मी आणतो. तीन ते सोळा वयाचं प्रत्येक मूल आणा, ज्यांना काही त्रास नाही तीही आणा. खरं तर तीच आधी आणा. आणि आज समोर ज्यांच्या घरी अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर मला भेटायला थांबू नये. घरी जाऊन डिस्चार्ज कार्ड काढावं आणि त्यावर पडद्याच्या तपासणीची तारीख लिहिली आहे का ते बघावं. लिहिलेली नसेल तर उद्या सकाळी रुग्णालयाला फोन करा.